जेम्स औट्रम आणि खानदेशातील भिल्ल

चाळीसगावाहून कन्नडकडे जाताना सातमाळ्याच्या रांगेत जो वळणावळणाचा घाट लागतो, त्यास लोक औट्रम घाट म्हणतात. पुष्कळांस ते नाव एखाद्या डोंगराचे किंवा ओढ्याचे असावे असे वाटते. वस्तुतः ते एका मनुष्याचे नाव आहे. हा मनुष्य जन्माने इंग्रज, शिक्षणाने स्कॉच आणि पेशाने शिपाई होता, आणि आपल्या आयुष्याची ऐन तारुण्याची दहा वर्षे, म्हणजे १८२५ पासून १८३५ पर्यंत, त्याने आपल्या ह्या खानदेशात घालविली. पुढे इराण, सिंध, बडोदे व लखनौ येथे त्याचे नाव गाजले आणि त्याच्या देहास इंग्लंडच्या राजेलोकांच्या शेजारी माती मिळाली. परंतु आम्हां खानदेशकरांच्या दृष्टीने त्या सर्व लढायांहून धरणगावची ती दहा वर्षे अधिक विचार करण्याजोगी आहेत. कारण त्या वर्षांत एक प्रश्न कसोटीस लागला, आणि तो आमच्या गावोगावी अजून पुरता सुटलेला नाही: मनुष्य अमक्या कुळात, अमक्या रक्ताचा जन्मला एवढ्यावरून त्याचा स्वभाव ठरतो काय?

जेम्स औट्रम ह्यांचा जन्म १८०३ च्या जानेवारीत डर्बीशायर परगण्यात झाला. वडील बेंजामिन औट्रम हे नामांकित इंजिनियर असून त्यांनी कालवे व लोखंडी रुळांचे रस्ते बांधिले होते. परंतु १८०५ साली ते अकस्मात वारले आणि त्यांच्या मागे व्यवहाराचा एवढा गुंता राहिला की विधवा मातेस लहान मुले घेऊन स्कॉटलंडात जाऊन काटकसरीने दिवस काढावे लागले. माता मार्गारेट मोठी करारी बाई होती. मुलगा अभ्यासात मागे व खेळात पुढे असे. अंगाने इतका लहान की १८१९ साली सोळाव्या वर्षी कंपनीच्या फौजेत कॅडेट होऊन मुंबईस उतरला तेव्हा हा पोर काय तरवार धरणार असे लोकांस वाटले असल्यास नवल नाही. पुढच्याच वर्षी तो २३ व्या देशी पायदळ पलटणीचा अ‍ॅडज्युटंट झाला. १८२४ मध्ये कित्तूरच्या मोहिमेत तो होता, आणि १८२५ साली बागलाणात मुल्हेर येथे बंडाळी झाली तेव्हा थोडे शिपाई घेऊन तो तेथे धावला व ती मोडून काढिली. ह्या कामगिरीमुळे मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांची नजर त्याजवर गेली. तेव्हा त्याचे वय बावीस वर्षांचे होते.

आता खानदेशची त्या वेळची स्थिती सांगितली पाहिजे, नाही तर पुढील गोष्टीचे मर्म कळणार नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्यांनी धुळे येथे आपले ठाणे घातले. त्यांस जो मुलूख मिळाला तो ओसाड होता. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी तो लुटून जाळिला होता. त्यावर १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. नंतर पेंढाऱ्यांनी उरलेसुरले नेले. पूर्वी गावोगावी भिल्ल हेच जागले असत. शिवेची राखण करणे, चोराचा माग काढणे, वाटसरूंस रानातून पार नेणे ही त्यांची कामे, आणि त्याबद्दल पिकाचा ठरलेला वाटा हा त्यांचा हक्क. म्हणजे ज्यांस पुढे सरसकट चोर म्हटले गेले तेच गावचे रखवालदार होते. गाव उजाड झाल्यावर हक्क कोणी द्यावा? जागल्या डोंगरात गेला, आणि भुकेल्या मनुष्यास डोंगरात जे करावे लागते ते करू लागला.

सत्तेने त्याचे उत्तर कसे दिले हे स्मरणात ठेवण्यासारखे आहे. पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण ह्याने १८०४ साली कोपरगाव येथे भिल्लांस वचन देऊन बोलाविले आणि आलेल्यांची कत्तल केली. अशा कत्तली ह्या एकाच ठिकाणी झाल्या नाहीत. चोरी कोणी केली, कोणी केली नाही, ह्याची चौकशी कशास करावयाची? भिल्ल असणे हाच गुन्हा आणि तेवढाच पुरावा. अशा रीतीने एका लोकसमूहाचे नाव हळूहळू एका धंद्याचे नाव झाले. कागदोपत्री भिल्ल ह्या शब्दाचा अर्थ वाटमाऱ्या असा होऊ लागला, आणि इंग्रज अंमलदारांनी तो अर्थ जुन्या दप्तरांबरोबर वारशाने घेतला.

आणि भिल्ल म्हणजे तरी कोण? साहेबांच्या यादीत तो एक शब्द होता. डोंगरात तो शब्द अनेक घरांवरचे एक छप्पर होता. सपाटीवरचे भिल्ल अहिराणीशी मिळतीजुळती बोली बोलत व गावाच्या कडेस राहत. सातपुड्यात पावरे, नवापूरकडे मावची, दक्षिणेस डांगांतले भिल्ल, आणि यावल-रावेरकडे तडवी, जे आपणांस मुसलमान म्हणवीत. ह्यांच्यात परस्पर रोटीबेटी सर्वत्र होती असे नाही. भाषा एक नव्हती. देव एक नव्हते. बाहेरच्याने दिलेले नाव मात्र सर्वांस एक. ज्यास नाव देण्याचा अधिकार असतो तो बहुधा जवळून पाहत नाही.

ब्रिग्जसाहेबांनी पहिल्या वर्षांत एका हाती तनखे व दुसऱ्या हाती फौज असे धोरण चालविले. काही नाईक शरण आले, काही पकडले गेले, काहींस फाशी झाली. परंतु डोंगर शांत झाला नाही. तापाच्या हवेत पलटणीचे शिपाई मरत व भिल्ल एका रात्रीत दुसऱ्या खोऱ्यात जात. शेवटी १८२५ साली एल्फिन्स्टनसाहेबांनी नवी तजवीज ठरविली. भिल्लांसाठी तीन एजन्स्या नेमावयाच्या, त्यांस पडीत जमिनी व तगाई देऊन वसवावयाचे, त्यांचे जुने हक्क तपासून द्यावयाचे, आणि त्यांच्यातूनच एक पथक उभारून मुलुखाच्या रखवालीस लावावयाचे. एक एजंट कन्नडकडे बसला, एक पश्चिमेस नंदुरबारकडे, आणि पथक उभारण्याचे काम ह्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे येऊन त्याने धरणगाव हे आपले ठिकाण केले.

ही कल्पना ऐकून अनुभवी अंमलदार हसले. भिल्लांची पलटण ह्यापूर्वीही करून पाहिली होती व ती फसली होती. भिल्ल ओळीत उभा राहणार नाही, हुकूम ऐकणार नाही, आज बंदूक घेईल व उद्या ती घेऊन पळेल, असे सर्वांचे मत होते. त्यांच्या बाजूस अनुभव नव्हता असे नाही. परंतु अनुभवाचा अर्थ लावण्यात त्यांची चूक होती. ज्या लोकांस विश्वास देऊन मारिले, त्यांनी विश्वास ठेविला नाही ह्यास ते स्वभाव म्हणत होते.

औट्रम ह्यांनी काय केले? आरंभ गोड नव्हता, हे लपविण्यात अर्थ नाही. प्रथम त्यांनी आपल्या पलटणीतील मोजके शिपाई घेऊन डोंगरातील भिल्लांच्या वस्तीवर छापा घातला आणि माणसे पकडिली. मग त्या कैद्यांच्या आप्तांच्या द्वारे त्यांनी नाईकांशी बोलणे सुरू केले. त्यानंतर जी रीत धरिली ती अंमलदारांत कोणी धरिली नव्हती. ते एकटे त्यांच्या पाड्यांत जात, त्यांच्यात बसत, त्यांच्याबरोबर खात, रात्र तेथेच काढीत. मोहाच्या दारूची मेजवानीही ते देत. ही गोष्ट आमच्या मंडळ्यांतील वडील जनांस आवडणार नाही व आम्हांसही ती अनुकरणीय वाटत नाही. दारूने किती पाडे उजाड केले हे कोणत्याही उपदेशकास विचारावे. परंतु भिल्लांनी त्या साहेबावर विश्वास ठेविला तो दारूमुळे नव्हे. दारू तर सावकारही पाजीत असे. ज्या मनुष्याच्या हाती त्यांस मारण्याची सत्ता होती तो हत्यार बाजूस ठेवून त्यांच्यामध्ये निजतो, हे त्यांनी पाहिले.

त्यात शिकारीची भर पडली. औट्रम ह्यांचे वाघाच्या शिकारीचे वेड अनावर होते, आणि ते बहुतेक पायीच शिकार करीत. एकदा एक वाघ दाट झुडुपात दडला व कोठूनही नेम साधेना. तेव्हा त्यांनी बरोबरच्या भिल्लांकडून त्यांच्याच पागोट्यांचा दोर करून झाडाच्या फांदीवरून आपणांस लोंबकळत ठेवविले आणि अधांतरी राहून गोळी घातली. ही गोष्ट विनोदाने सांगतात. आम्हांस तिच्यात दुसरेही काही दिसते. ज्यांस सारा जिल्हा विश्वासघातकी म्हणत होता त्यांच्या हाती, वाघाच्या तोंडावर, ह्याने आपला जीव दिला होता, आणि दोर धरणाऱ्यांस तो दोर सोडता आला असता.

पहिल्याने भरती झालेले लोक बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांत शरण आलेले वाटमारेच अधिक. मध्यंतरी अशीही आवई उठे की सरकार भिल्लांस एकत्र जमवीत आहे ते एकदम कापून काढण्यासाठी. आणि कोपरगावची हकीकत ज्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकिली त्यांस ती खोटी का वाटावी? अशा वेळी औट्रम चिडत नसत, शिक्षाही करीत नसत. ते जाऊन बसत, ऐकून घेत व पगार वेळेवर देत. ह्या शेवटल्या गोष्टीचे महत्त्व चरित्रकार फारसे सांगत नाहीत, परंतु ज्याने मजुरी केली आहे त्यास ते सांगावयास नको.

हळूहळू पथक वाढले. पुढे ते सुमारे ६०० पर्यंत गेले. तिरकमठा टाकून त्यांनी बंदूक घेतली, कवाईत शिकली, आणि ज्या वाटा ते लुटीत त्याच वाटांची राखण करू लागले. १८२८ साली जिल्ह्याच्या कलेक्टराने वर कळविले की गेल्या वीस वर्षांत प्रथमच ह्या मुलुखास सहा महिने शांतता लाभली.

ह्या सर्व हकीकतीत आमच्या मनास जी गोष्ट सर्वांत अधिक लागते ती लढाईची नाही व शिकारीचीही नाही. ती मालेगावच्या छावणीतली आहे. पथक उभे राहिल्यावर थोड्याच काळाने औट्रम आपले भिल्ल शिपाई घेऊन मालेगावी गेले. तेथे त्यांची स्वतःची २३ वी पलटण होती. तीत उंच जातींचे शिपाई पुष्कळ. सोवळेओवळे, चूल वेगळी, पाणी वेगळे. भिल्लांस तेथे जाण्याची मोठी धास्ती होती. गोळीची नव्हे, गोळी त्यांस ठाऊक होती. धास्ती थट्टेची होती. अर्ध्या नागव्या रानट्यांस शिपायाचा अंगरखा चढविला आहे, असे म्हणून पलटण हसणार, हे ते धरून चालले होते. साहेबालाही तीच काळजी होती. कारण एका दिवसाच्या हसण्याने त्याचे दोन वर्षांचे काम वाया गेले असते.

परंतु पलटणीचे लोक हसले नाहीत. त्यांनी ह्या नवख्यांस आपल्यामध्ये बसविले, त्यांस खाऊ घातले, लहानथोर सर्वजण त्यांच्याशी बोलले व एकाच सरकारचे शिपाई म्हणून त्यांस वागविले. औट्रम ह्यांनी ही गोष्ट मोठ्या हर्षाने वर लिहून कळविली, आणि भिल्लांवर तिचा जो परिणाम झाला तो कोणत्याही बक्षिसाने झाला नसता असे त्यांचे मत पडले.

वाचकहो, ह्या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहावे. ज्यास सवर्ण घराच्या ओट्याखाली उभे राहून बोलण्याची सवय आहे, पाणी वरून ओतून घेण्याची सवय आहे, त्यासच हे कळेल की कोणी शेजारी बसविणे म्हणजे काय. पगार पोटास लागतो. हक्क कागदावर लागतो. परंतु मनुष्य स्वतःस काय समजतो हे पुष्कळ अंशी इतर लोक त्यास कोठे बसवितात ह्यावर ठरते. आमच्या मंडळ्यांतही भिल्ल, मावची, महार, मांग अशा अनेक घरांतून लोक आले आहेत, आणि प्रीतिभोजनाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो, मुलीची सोयरीक कोणत्या घरी ठरते, हे कोणी बोलत नसले तरी सर्व पाहत असतात. मालेगावच्या त्या शिपायांनी जात सोडिली होती असे मुळीच नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यांची चूल पुनः वेगळीच पेटली असेल. तरी एक दिवस त्यांनी एकत्र बसविले, आणि तो एक दिवस पुढे पुष्कळ वर्षे बोलला गेला.

औट्रम ह्यांनी जे पाहिले ते नवीन नव्हते; तेच त्यांच्या शिक्षणाच्या देशी घडून गेले होते. स्कॉटलंडच्या उत्तरेस डोंगराळ भागात गेल भाषा बोलणारे जे लोक राहत त्यांस सपाटीवरचे स्कॉच लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरेचोर व रानटी म्हणत आले. त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी सरकारने त्यांच्यातूनच पथके उभारिली, आणि १७३९ साली त्यांची पलटण केली, ती इंग्रज फौजेतील मोठी नामांकित पलटण झाली. शंभर वर्षांच्या आत त्याच डोंगरी लोकांचा पोशाख सपाटीचे धनिक हौसेने घालू लागले. रक्त बदलले नव्हते. पाहणाऱ्यांची नजर बदलली होती. ऐबर्डीनात वाढलेल्या मुलाच्या कानी ह्या गोष्टी पडल्याच असतील.

परंतु ह्या चरित्राची दुसरी बाजू न सांगणे हा वाचकांशी अन्याय होईल. औट्रम हे भिल्लांचे मित्र होते, तसेच ते जिंकणाऱ्या सरकारचे नोकर होते, आणि ह्या दोन गोष्टींत झुंज लागे तेव्हा नोकर जिंके. १८३० साली ते पथक घेऊन डांगात शिरले व तेथील भिल्ल राजांस त्यांनी सरकारच्या अधीन केले. म्हणजे भिल्लाच्या हाती बंदूक देऊन ती भिल्लावरच रोखली. पुढे यावल व सावदे ह्या भागांत दरोडे वाढले तेव्हा त्यांनी तडव्यांची मोठ्या संख्येने धरपकड केली. धरिलेल्यांपैकी थोड्यांवरच खटला उभा राहिला व बाकीचे सुटले. जे सुटले ते कशासाठी पकडिले गेले होते? तडवी होते म्हणून, दुसरे काय. ज्या मनुष्याने धरणगावी एकेका भिल्लास नावाने ओळखिले, त्यानेच यावलास पुनः सबंध जमातीस एका जाळ्यात ओढिले. त्यास दुष्ट म्हणावे असे आम्हांस वाटत नाही. परंतु जवळून पाहण्याची सवय एकदा जडली म्हणजे ती कायमची राहते असे नाही.

आणखी एक. औट्रम ह्यांच्या यशाने भिल्ल चोर नाही हे सिद्ध झाले, परंतु लोकांनी त्यातून दुसरेच अनुमान काढिले: भिल्ल हा जन्मतः शिपाई व माग काढणारा आहे, सबब त्यास त्याच कामी लावावे. मेवाडात १८४१ साली असेच भिल्ल पथक उभारिले गेले. एक शिक्का पुसून दुसरा उमटला. तो बरा शिक्का होता, पण शिक्काच. भिल्लाचा मुलगा मामलेदार किंवा मास्तर होईल ही कल्पना त्या काळच्या कागदांत आढळत नाही. १८७१ साली तर सरकारने असा कायदाच केला की काही जमाती जन्माने गुन्हेगार समजाव्या व त्यांच्या लोकांची नावे नोंदवून त्यांजवर पहारा ठेवावा. तो कायदा स्वतंत्र हिंदुस्थानात १९५२ साली रद्द झाला. गावच्या पाटलाच्या व पोलिसाच्या मनातून तो केव्हा रद्द झाला हे ज्या पाड्यावर रात्रीबेरात्री झडती येते त्यांनीच सांगावे.

१८३५ साली औट्रम खानदेश सोडून गुजरातेत महीकांठ्यास गेले. त्यानंतरच्या त्यांच्या आयुष्यावर मोठाले ग्रंथ झाले आहेत. आम्ही ते थोडक्यात सांगतो. त्याच साली त्यांनी आपली मामेबहीण मार्गारेट अँडरसन हिच्याशी विवाह केला. अफगाणिस्तानच्या पहिल्या युद्धात त्यांनी नाव मिळविले. नंतर सिंधेत असता तेथील अमिरांवर केलेले युद्ध अन्यायाचे आहे असे त्यांचे मत पडले, आणि सेनापती चार्ल्स नेपियर ह्यांच्याशी त्यांचे कायमचे वाकडे आले. विशेष हे की ह्याच नेपियरसाहेबांनी थोड्या काळापूर्वी भर मेजवानीत त्यांस हिंदुस्थानचा बेयार्ड, म्हणजे निर्भय व निष्कलंक वीर, ही पदवी दिली होती. त्या लुटीतून आपल्या वाट्यास आलेली रक्कम औट्रम ह्यांनी स्वतःसाठी ठेविली नाही. ती धर्मादाय संस्थांस वाटून टाकिली.

बडोद्यास रेसिडेंट असता त्यांनी तेथील लाचलुचपतीवर एक अहवाल लिहिला. त्यात आपल्या मराठीतील खटपट हा शब्द त्यांनी जसाच्या तसा वापरला व तो विलायतेतील वर्तमानपत्रांत गाजला. मुंबई सरकार रागावले व त्यांस बडोद्याहून काढिले. पुढे १८५४ साली ते पुनः तेथेच नेमले गेले. १८५६ मध्ये अयोध्येचे राज्य खालसा झाले ते त्यांच्याच हाताने, आणि १८५७ च्या आरंभी ते इराणच्या मोहिमेवर सेनापती होते.

तेथून परत येतात तो हिंदुस्थानात उठाव झालेला. लखनौच्या वेढ्यात सापडलेल्यांच्या सुटकेस फौज निघाली तेव्हा औट्रम हे दर्जाने वरिष्ठ होते. तरी हॅवलॉकसाहेबांनी ते काम आरंभिले आहे, तर त्याचा मान त्यांसच मिळावा, असे म्हणून त्यांनी आपला अधिकार बाजूस ठेविला व एका साध्या स्वयंसेवकाप्रमाणे त्यांच्या हाताखाली लढले. नंतर आलमबागेत थोड्या फौजेनिशी त्यांनी अनेक महिने टिकाव धरिला. लखनौ पडल्यावर गव्हर्नर जनरलांनी अयोध्येतील जमीनदारांच्या जमिनी सरसकट जप्त करण्याचा जाहीरनामा काढिला तेव्हा त्यास औट्रम ह्यांनी हरकत घेतली, आणि तो काहीसा सौम्य करविला.

इकडे खानदेशात काय चालले होते? सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक हा भिल्ल पूर्वी सरकारच्या नोकरीत होता. एका कैद्याच्या मृत्यूबद्दल त्यास शिक्षा झाली व तो तुरुंगात गेला. सुटून आल्यावर १८५७ साली तो उठला, आणि भीमा नाईक व इतर भिल्ल त्यास मिळाले; सरकारी खजिना लुटला गेला. १८५८ च्या एप्रिलात सातपुड्यात आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. पुष्कळ भिल्ल तेथे पडले, जे धरले त्यांपैकी कित्येकांस तेथेच गोळ्या घालण्यात आल्या, आणि शेकडो बायका कैद झाल्या. त्या दिवशी सरकारी फौजेबरोबर खानदेशच्या भिल्ल पथकाचा कॅप्टन बर्च हाही होता. दोन्ही बाजूंस सरकारची नोकरी केलेले लोक होते. खाज्या नाईकास बंडखोर म्हणावे की वीर, ह्याविषयी तेव्हाच्या व आताच्या पुस्तकांचे एकमत नाही. सातपुड्यातील लोक आज त्यास वीर म्हणतात, आणि आमच्या मते त्यांस तसे म्हणण्याचा अधिकार आहे. औट्रम त्या वेळी येथे नव्हते. ते असते तर काय झाले असते हे कोण सांगणार? डांगात जे झाले त्यावरून पाहता, फार निराळे झाले नसते असे आम्हांस वाटते.

कलकत्त्यास वरिष्ठ कौन्सिलात दोन वर्षे काम करून १८६० साली औट्रम प्रकृती खालावल्यामुळे स्वदेशी गेले. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधील पो ह्या गावी त्यांचा अंत झाला, आणि लंडनातील वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांस पुरण्यात आले. थेम्स नदीच्या बांधावर त्यांचा एक पुतळा आहे. घोड्यावर बसून मागे वळून पाहणारा दुसरा पुतळा कलकत्त्यात आहे.

त्यांचे तिसरेही एक स्मारक काही काळ होते असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेविले आहे. ते खानदेश सोडून गेल्याला पुष्कळ वर्षे लोटल्यावर भिल्ल पथकातील काही जुन्या शिपायांस एक लहानशी ओबडधोबड मूर्ती सापडली. तिच्या चेहऱ्यात त्यांस आपल्या जुन्या साहेबाचा भास झाला. त्यांनी ती नीट मांडून ठेविली व औट्रमसाहेब म्हणून तिची पूजा करू लागले. ह्यावर आमचे उपदेशक बंधू मान हलवितील, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या म्हाताऱ्या शिपायांपाशी लिहिण्याची कला नव्हती, पैसा नव्हता, आणि कोणास स्मरणात ठेवावयाचे तर त्यांच्या घरी तीच एक रीत चालत आली होती. साहेब अंगाने ठेंगणा होता, मूर्तीही लहानच होती.